विस्मरणाचा हिशेब

गुहागरच्या दक्षिणेस, नारळीपोफळींच्या आगरांनी वेढलेले वेळणेश्वर हे गाव यात्रेकरूंस शंकराच्या देवालयामुळे आणि प्रशस्त किनाऱ्यामुळे ठाऊक असते. परंतु २०१२ पासून तेथे ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाचे महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे, आणि ज्या टापूत एके काळी तिन्हीसांजेला ओटीवर परवच्याचा, म्हणजे पाढे मोठ्याने म्हणण्याचा, घोष चाले, त्याच टापूत आता सूत्रे, व्याख्या आणि एकके कंठस्थ करण्याचा उद्योग चालतो. आज पाठ झालेले परीक्षेच्या तारखेपर्यंत टिकावे कसे, ही दोन्ही पिढ्यांची चिंता मात्र एकच.

परवच्याचा एक गुण असा, की पुस्तक मिटलेले आणि उजेड मंद असल्यामुळे मुलाला वाचून भागत नसे, आठवावेच लागे. या गुणाचे मोल किती, हे २००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले : उतारा दोनदा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर त्याचा सुमारे ४२ टक्के भाग सांगता आला, तर एकदा वाचून दुसऱ्या खेपेस न पाहता लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. गंमत अशी, की पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारेच सरस ठरले होते. परीक्षेच्या आदल्या रात्री पाने उलटणाऱ्यास आपली तयारी झाली असे का वाटते, याचा उलगडा त्यात आहे.

परंतु परवच्यात दोन वैगुण्येही होती. क्रम मोडून ‘सात नव्वे किती?’ असे कोणी विचारले, तर पुष्कळ मुले ‘सात एके सात’पासून आरंभ करीत, आणि बेचा पाढा जितक्या वेळा म्हटला जाई तितक्याच वेळा एकोणतिसाचाही, मग एक कधीच विसरत नसो आणि दुसरा रोज विसरत असो. वेदपाठशाळांतील जटा-घनादी पाठांत पदे उलटसुलट म्हणण्याची जी विलक्षण योजना आहे, तिचा मुख्य हेतू अक्षर न् अक्षर शुद्ध राखण्याचा. तेव्हा ‘हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते’ असे म्हणण्याची जी हौस आपल्याकडे आहे, ती येथे थोडी आवरलेली बरी. पाठांतर त्यांना उत्तम साधले होते. विस्मरणाचे दफ्तर मात्र कोणी ठेवले नव्हते.

ते ठेवले हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने. निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून, ठरावीक काळाने ती पुन्हा पाठ करताना श्रम किती वाचतात, याचे मोजमाप त्याने १८८५च्या ग्रंथात प्रसिद्ध केले. एका दिवसानंतर मूळ श्रमांपैकी सुमारे एक तृतीयांश वाचत, आणि महिन्यानंतरही सुमारे एक पंचमांश. म्हणजे गळती पहिल्या काही तासांतच मोठी, पुढे मंद. त्याहून महत्त्वाचे असे, की एका दिवशी लागोपाठ केलेल्या ६८ आवृत्त्यांचे काम तीन दिवसांवर विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी भागले.

या निष्कर्षाला घरगुती रूप दिले सेबास्टियन लाइटनर या लेखकाने, १९७२ साली. पाच कप्प्यांची एक पेटी घ्यावी. कार्डाच्या एका अंगास प्रश्न, दुसऱ्या अंगास उत्तर लिहावे. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर आले की पुढच्या कप्प्यात, चुकले की थेट पहिल्यात. मागचे कप्पे अधिक रुंद असल्याने भरण्यास अधिक काळ लागतो, आणि कप्पा भरल्यावरच त्यातील कार्डे तपासावयाची असल्याने पक्क्या झालेल्या कार्डाची मुदत आपोआप लांबते. पत मिळवलेल्या कुळाकडे सावकार उशिरा तगादा लावतो आणि बुडव्याच्या दारी रोज उभा राहतो, तसाच हा व्यवहार. कोकणातल्या कोणत्याही घरी साठलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी या कामी उत्तम.

खरे कौशल्य कार्ड लिहिण्यात आहे, आणि बहुतेकांचे बिनसते तेथेच. ‘रत्नागिरी जिल्ह्यातील नद्यांची माहिती द्या’ हे कार्ड नव्हे, ती निबंधाची आज्ञा झाली. अर्धे उत्तर आले तर ते बरोबर समजावे की चूक, याचा निवाडाच होत नाही. त्याऐवजी ‘शास्त्री नदी समुद्रास कोठे मिळते?’ – ‘जयगडपाशी’, ‘वाशिष्ठी कोठे?’ – ‘दाभोळपाशी’. एका कार्डावर एकच गोष्ट, आणि तीही आधी समजलेली; न समजलेले सूत्र कार्डावर उतरविल्याने पोपटपंचीच वाढते. कार्ड उलटण्यापूर्वी उत्तर मोठ्याने उच्चारावे, नाहीतर ‘हे तर येतच होते’ असे मन इमानेइतबारे खोटे सांगते.

पेटीचे हे काम आता संगणकाने उचलले आहे. पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाकने १९८७ साली रचलेल्या गणितात पहिली मुदत एका दिवसाची, दुसरी सहा दिवसांची, आणि पुढे प्रत्येक वेळी साधारण अडीचपट होती. सहाचे पंधरा, पंधराचे अडतीस. कार्ड अवघड वाटले तर ही पट घटते. त्याच वंशातील ‘अंकी’ हा कार्यक्रम २००६ पासून प्रचारात असून संगणकावर तो विनामूल्य मिळतो.

या यंत्राला सणवार मात्र कळत नाहीत. गणपतीत कोकणातले घर पाहुण्यांनी भरते, अभ्यास बाजूला पडतो, आणि विसर्जनानंतर पाहावे तो मुदत टळलेल्या शेकडो कार्डांची थकबाकी पुढे येते. धीर सोडून सारेच टाकून देणारे विद्यार्थी बहुधा याच ठिकाणी गळतात. अशा वेळी नवी कार्डे काही दिवस पूर्ण बंद ठेवावीत आणि जुनी बाकी रोज थोडी थोडी फेडावी. नव्या कार्डांची रोजची संख्याही मुळात दहापंधरांच्या वर नेऊ नये, कारण आज घेतलेले प्रत्येक कार्ड उद्या, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा हजेरी लावणारच असते.