साहेब निघाले, पण वाजले किती?



शुक्रवारची गोष्ट. निंदणाची मजुरी बुडवून, दोन एसटी बदलून मी एका कार्यालयात पोहोचले, तेव्हा सव्वाचार वाजले होते. खुर्ची रिकामी. शिपाईदादा म्हणाले, "साहेब आत्ताच निघाले ताई, आता सोमवारी या." आपलं तिकीट अर्धं झालंय, पण बुडालेली मजुरी कोण भरून देणार?

म्हणून आज कार्यालयाची वेळ नीट समजून घेऊ.

आधी मुंबईबाहेरची सरकारी कार्यालयं सकाळी १० ते सायंकाळी ५.४५ पर्यंत चालत. महिन्यात दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा असे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाने पाच दिवसांचा आठवडा केला आणि सगळे शनिवार सुटीचे झाले. त्या बदल्यात वेळ वाढली. आता कार्यालय सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५. जेवणाची सुटी दुपारी १ ते २ च्या दरम्यान, फक्त अर्धा तास. म्हणजे रोजचं काम सव्वासात तासांऐवजी आठ तास. दवाखाना, पोलीस, शाळा यांना हा नियम नाही. त्यांच्या वेळा वेगळ्या.

शासनाचा हिशेब असा होता: वर्षाचे कामाचे तास २०८८ वरून २११२ होतील, म्हणजे २४ तास जास्त. पण चार वाजताच बस पकडली तर? रोजचे दोन तास गेले. शनिवारही गेला आणि संध्याकाळही गेली.

कर्मचाऱ्यांचीही अडचण आहे. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. गाडीसाठी मलकापूर गाठावं लागतं. संग्रामपूर, लोणारसारख्या ठिकाणी नोकरी आणि घर दुसऱ्या गावात, असं अपडाऊन अनेक जण करतात. त्यात लेकरं घरी ठेवून आलेल्या आपल्यासारख्याच बायाही असतात. शेवटची बस चुकली तर रात्र काढायची कुठे? त्यांची ही काळजी खरी आहे. पण त्यावर उपाय कामाच्या गावी राहण्याची सोय आणि वेळेवर बस हा आहे. त्याची किंमत आपल्या मजुरीतून जायला नको.

मग आपण काय करायचं?

साहेब दिसले नाहीत तर भांडू नका. दौऱ्यावर असतील तर हालचाल नोंदवहीत तशी नोंद हवी; कुठे गेले, कधी येणार, ते विचारा. अर्ज आवक विभागात द्या आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय परतू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवेसाठी मुदत ठरलेली आहे. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो.

मात्र हातात पोच नसेल, तर आपण आलो होतो हे सांगायचं कशावरून?

तेव्हा पुढच्या वेळी पिशवीत भाकरीसोबत अर्जाची दुसरी प्रत ठेवा. शिक्का तिच्यावरच मारून घ्यायचा.