आई म्हणाली, गोड वास येतोय

कॅम्पर व्हॅन घेणं म्हणजे काय असतं, माहितीये? घराचे सगळे प्रॉब्लेम्स आणि गाडीचे सगळे प्रॉब्लेम्स, एकाच ईएमआयमध्ये. वर ऑफिसमधल्या सगळ्यांचा एकच प्रश्न, "मग, या वीकेंडला कुठे?"

आमची व्हॅन म्हणजे मूळची शाळेची मिनीबस. सेकंडहँड घेतली, सीट्स काढल्या, आत बेड, ओटा, फ्रिज, छोटंसं बाथरूम. आणि माझा खास अभिमान म्हणजे अंघोळीला गरम पाणी. इंजिनच्या गरम कूलंटची एक लाइन मागे नेऊन बेडखालच्या टाकीतून फिरवलेली. गाडी तासभर चालली की पाणी कडक. वीज नको, गॅस नको. भेटेल त्याला मी हे सांगत असे. पुढे काय झालं हे कळल्यावर तुम्ही हसाल, हसा.

मे महिना. आईला तिच्या माहेरी, पांढरकवड्याजवळच्या गावात न्यायचं होतं. पुण्याहून नागपूर, मावसभावाकडे मुक्काम, मग तिथून खाली दीडशे-एक किलोमीटर. हा रस्ता म्हणजे श्रीनगर-कन्याकुमारी हायवे, कागदावर ४४ नंबर. २०१० साली नंबर बदलले, पण तिकडचे जुने ड्रायव्हर अजून 'सात नंबर'च म्हणतात. आईने मामासाठी डिंकाचे लाडू केले होते. मोठा डबा, कापडी पिशवीत, बेडखाली.

पुण्यातून निघताना कूलंटच्या बाटलीतली पातळी जरा खाली होती. भरलं. समृद्धीवर एका थांब्यावर पाहिलं तर पुन्हा खाली. पुन्हा भरलं. गाडीखाली मात्र टिपूस नाही. म्हणजे एसीचं पाणी ठिबकत होतं, पण ते साधं, बिनरंगाचं. कूलंट हिरवं असतं, हाताला चिकट लागतं. नागपूरला एका गॅरेजवाल्याने बॉनेटमध्ये डोकावून निकाल दिला, "हेड गॅस्केट गेलंय. चाळीस हजारांच्या पुढे धरून चला, आठवडाभर गाडी ठेवावी लागेल." माझी एकूण सुट्टीच पाच दिवसांची.

आणि या सगळ्यात आई दोनदा म्हणाली होती, "गाडीत काहीतरी गोड वास येतोय रे."

"लाडवांचा असेल," मी म्हणालो.

काटा वर, हीटर फुल्ल

हिंगणघाट गेलं, वर्धा नदी ओलांडली, वडकी मागे पडलं. म्हणजे यवतमाळ जिल्हा सुरू. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, पाऊस पडला की कपाशी लागणारी. मोबाइल ४४ डिग्री दाखवत होता. करंजीच्या पुढे टेंपरेचरचा काटा अर्ध्यावरून सुटला आणि लाल पट्टीकडे निघाला.

अशा वेळी काय करायचं, हे वाचलेलं होतं. एसी बंद. काचा खाली. आणि हीटर फुल्ल! होय, मे महिन्यात, विदर्भात. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आतला छोटा रेडिएटरच, तो इंजिनची थोडी उष्णता ओढून आपल्या अंगावर फेकतो. इंजिन वाचतं, आपण भाजतो. आईने पदर डोक्यावर घेतला आणि एक शब्द बोलली नाही. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

कडुनिंबाखाली गाडी लावली, इंजिन बंद केलं. आता झाकण उघडायची अनावर इच्छा होते. उघडू नका. निम्मं पाणी, निम्मं कूलंट हे मिश्रण उघड्यावर साधारण १०८ डिग्रीला उकळतं, पण बंद झाकणाच्या दाबाखाली त्याच्याही बरंच वर जाऊन पातळच राहतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. हेडला तडा जाऊ शकतो, मग चाळीस हजारही कमी पडतील. पाऊण तास थांबलो. आईने कांदा फोडून दिला. लू लागू नये म्हणून!

जवळच्या धाब्यावाल्याने पांढरकवड्याच्या एका मिस्त्रीचा पत्ता दिला. गार झाल्यावर पाणी भरलं, हीटर चालूच ठेवून चाळीसच्या स्पीडने गाडी तिथवर नेली.

"पानी उडत नसते भाऊ"

मिस्त्री साठीचे. बनियन, कपाळाला गंध, तोंडात खर्रा. मी नागपूरचं निदान ऐकवलं. त्यांनी मान हलवली आणि आधी डिपस्टिक ओढली. ऑइल काळं, स्वच्छ. गॅस्केट जाऊन पाणी ऑइलमध्ये मिसळलं तर ते दुधाच्या चहासारखं होतं. मग गाडी चालू करून सायलेन्सरमागे उभे राहिले. पांढरा धूर नाही. रेडिएटरचं तोंड उघडं ठेवून पाच मिनिटं आत बघत बसले. सिलेंडरमधला गॅस पाण्यात शिरत असेल तर बुडबुडे येतच राहतात. तेही नाहीत.

"गॅस्केट-बिस्केट काई नाई. इंजिन टनाटन आहे तुमचं," ते म्हणाले. "पन पानी उडत नसते भाऊ. कुठीनाकुठी जातेच."

मग रेडिएटरची जाळी, वरचा पाइप, खालचा पाइप, वॉटर पंपाच्या पोटातलं ते बारीक भोक. पंपाचं सील गेलं की आधी तिथून ओघळ येतो. सगळं कोरडं. आता प्रश्न असा, की उभ्या गाडीत काहीच सापडत नाही आणि चालत्या गाडीत पाणी संपतं. उत्तर तसं सोपं आहे, दाब! इंजिन तापलं की दाब चढतो, फट उघडते. गार झालं की फट मिटते. म्हणून गार इंजिनवर बाहेरून दाब द्यायचा. त्याचं मीटरवालं पंपाचं यंत्र मिळतं. इथे ते नव्हतं. होतं काय, तर रेडिएटरचं एक जुनं झाकण, त्यात भोक पाडून बसवलेला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह, आणि शेजारी पंक्चरवाला. माझ्या झाकणावर ०.९ लिहिलेलं होतं, म्हणजे साधारण १३ पाउंड. तेवढीच हवा भरली, त्याहून एक पाउंड जास्त नाही. जास्त भरली तर धडधाकट पाइपही फाटायचा.

दोन मिनिटांत काटा १३ वरून ९ वर. आणि बाहेर अजूनही टिपूस नाही.

इतका वेळ आई स्टुलावर बसून होती. ती उठली आणि म्हणाली, "भाऊ, मले दोन दिवसापासून गोड वास येऊन राह्यला. पन ह्याले सांगून काय उपयोग!"

पस्तीस वर्षं पुण्यात काढलेली माझी आई. तिच्या तोंडून हे वऱ्हाडी मी फोनवर मामाशी बोलतानाच ऐकलं होतं. मिस्त्री एकदम तिच्याकडे वळले. "कुठी येते वास, माय?"

"मांगच्या पलंगापाशी."

गादी उचलली, प्लायवूडची फळी काढली. दुकान बंद केल्यासारखी शांतता, आणि त्यात बारीक 'सूंऽऽ'. माझी ती अभिमानाची गरम पाण्याची टाकी. तिच्या तोंडाशी प्लास्टिकचा टी-जॉइंट, वर क्लिप इतकी करकचून आवळलेली की उन्हाळ्याच्या तापाने प्लास्टिकला केसाएवढी चीर गेली होती. इंजिनचं पाणी इंजिनात नव्हतंच. ते माझ्या बेडखाली, प्लायवूडमध्ये, इन्सुलेशनच्या फोममध्ये मुरत होतं. थेंबभरही खाली पोचत नव्हतं.

आणि लाडवांच्या पिशवीत. पिशवी खालून हिरवी झाली होती.

हे लाडू

आईने डबा उघडला. खालचा थर ओलसर, वरचे लाडू दिसायला छान. "वरचे घेऊ," ती म्हणाली. मिस्त्रींनी तिच्या हातातून डबा काढूनच घेतला. "नाई माय. गोड लागते, पन जहर आहे."

खरंच आहे ते. कूलंटमध्ये साधारण इथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड, म्हणून कुत्री-मांजरं चाटतात. पोटात गेलं की त्याचं शरीरात होतं ऑक्झॅलिक ॲसिड, ते किडन्या निकामी करतं, माणसाच्याही. काही कंपन्या मुद्दाम कडू द्रव्य घालतात, सगळ्याच घालतात असं नाही. मी दोन दिवस त्या बेडवर झोपलो होतो, आणि त्याच डब्यातला एक लाडू नागपूरला चहाबरोबर खाल्ला होता. वरचा होता, नशीब. पिशवी तेव्हा उचलून पाहिली असती तर! मिस्त्रींच्या पोऱ्याने मागे हातभर खड्डा केला, डबा त्यात पुरला, वर दगड ठेवला. गॅरेजचं कुत्रं तोवर हुंगत आलंच होतं. आई तिकडे पाठ करून उभी होती.

दुरुस्ती म्हणाल तर वीस मिनिटांची. टाकीकडे येणारे दोन्ही रबरी पाइप सुस्थितीत कापले, लोखंडी नळीचा वीतभर तुकडा मध्ये घालून एकमेकांना जोडले, दोन नवीन क्लिपा. टाकी सर्किटबाहेर. पुन्हा १३ पाउंड हवा. पंधरा मिनिटं काटा हलला नाही. फोम सगळा फाडून काढला, फळी तीनदा धुतली, धुण्याचं पाणीही कॅनमध्ये भरून ठेवलं.

भरायला मी बोअरचं पाणी घेणार होतो. मिस्त्रींनी हात धरला. जड पाण्याचे क्षार आत धरतात आणि रेडिएटरच्या नळ्या बुजतात. (या भागातल्या कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. दातांवरचे पिवळे डाग हा आईच्या लहानपणचा ओळखीचा विषय.) बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, निम्मं-निम्मं. मग गाडीचं नाक चढावर, झाकण उघडं, हीटर चालू, पाइप हाताने दाबत दाबत अडकलेली हवा बाहेर. हे टाळलं तर हवेचा फुगा अडकून इंजिन पुन्हा तापतं.

हे चालू असताना आई मिस्त्रींना शकुंतलेच्या गोष्टी सांगत होती. यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज. तिचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं, १९९४ पर्यंत चाललं. ते पाणी प्यायला थांबायचं तेव्हा पोरं खाली उतरून बोरं वेचायची म्हणे. "त्याले कोणी गॅस्केट नाई म्हनलं," मिस्त्री म्हणाले, आणि दोघंही हसले.

मजुरी त्यांनी सहाशे सांगितली. मी हजार पुढे केले तर चारशे परत दिले.

निघताना आईने बाजारात गाडी थांबवायला लावली. दोन किलो पेढे घेतले, मग दुकानाच्या पायरीवर जरा थांबून आणखी एक किलो. ते गॅरेजवर पोचवून आलो. मामाच्या गावापर्यंत काटा अर्ध्यावर होता. तिथे कूलंटच्या बाटलीवर मी मार्करने रेघ मारली. परतीच्या प्रवासात दर थांब्यावर आई स्वतः उतरून ती रेघ बघायची आणि मगच चहा सांगायची.