प्रवासातली दुर्बीण

प्रवासासाठी दुर्बीण घेताना चौकशी नळीची होते; पाठीवर मात्र अख्खा संच घ्यावा लागतो. नळी, तिला पेलणारा ट्रायपॉड, डोळ्याजवळची दोन-तीन भिंगे म्हणजे आयपीस आणि या सगळ्याची पिशवी यांचे मिळून जे वजन होते, त्यावरच ती दुर्बीण हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर पोहोचणार की घरी कपाटावर पडून राहणार, हे ठरते. गड चढून जाणाऱ्याला सगळा संच तीन-चार किलोंच्या आत हवा. एसटीने किंवा रेल्वेने जाणाऱ्याला पाच-सहा किलो झेपतात. स्वतःची गाडी थेट मुक्कामापर्यंत जात असेल, तर आणखी जडही चालते. दुर्बिणीची निवड या आकड्यापासून सुरू करावी. बाकीचे सगळे गुण त्यानंतर पाहायचे.

दुर्बिणीचे मुख्य काम प्रकाश गोळा करण्याचे आहे. पुढच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास जितका मोठा, तितका प्रकाश जास्त, आणि ही वाढ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात होते. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. ७० मिलिमीटरचे भिंग त्याच्या शंभर पट प्रकाश गोळा करते, आणि १०० मिलिमीटरचे भिंग ७० च्या दुप्पट. बारीक तपशील वेगळा दाखवण्याची शक्तीही व्यासावरच अवलंबून असते. अगदी जवळ-जवळ असलेले दोन तारे सुटे दिसण्यासाठी त्यांच्यात किमान किती विकला (कोनाचे सूक्ष्म माप) अंतर हवे, हे ११६ ला मिलिमीटरमधल्या व्यासाने भागून काढतात. ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीला ही मर्यादा सुमारे १.७ विकला येते, १०० च्या दुर्बिणीला १.२. हलक्या दुर्बिणींचा व्यास साधारण ६० ते १३० मिलिमीटरच्या दरम्यान असतो. त्यातही पायी प्रवासाला ७० ते ९० हाच पट्टा सोयीचा पडतो.

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा बहुधा वेगळाच असतो: ५२५ पट, ६७५ पट. नळीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागले की किती पट मोठे दिसणार ते कळते, त्यामुळे पुरेसे बारीक आयपीस आणि पट वाढवणारे बार्लो भिंग लावून कागदावर कोणताही आकडा गाठता येतो. प्रत्यक्षात व्यासाच्या मिलिमीटरच्या दुपटीपलीकडे गेल्यास प्रतिमा मोठी होते पण अंधूक आणि पुसट होत जाते. ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीची उपयुक्त कमाल १४० पट, आणि चांगले नजारे बहुतेक १६ ते ८० पटींतच मिळतात. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र पाहिले ते सुमारे २० पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून, आणि तिच्यात अख्खे चंद्रबिंब एका वेळी मावतसुद्धा नव्हते. पृथ्वीजवळ आलेल्या गुरूचे बिंब ४५ विकलांच्या आसपास असते. ४० पटीला ते नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढे होते. तेवढ्यात त्याचे विषुववृत्ताजवळचे दोन पट्टे ओळखू येतात. शनीची कडीही ३०-४० पटीला वेगळी कळतात. शेकड्यांचे आकडे मिरवणारे खोके दुकानातच ठेवावे.

प्रवासात पटीपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे एका नजरेत मावणारे आकाश. शहराबाहेरच्या अंधाऱ्या जागी जे पाहण्यासाठी माणूस जातो, ते बहुधा पसरट असते. कृत्तिकांचा पुंजका जवळपास दोन अंशांचा आहे. देवयानी दीर्घिका तीन अंशांहून लांब आहे, जरी लहान दुर्बिणीत तिचा मधला उजळ भागच ठसतो. वृश्चिकाच्या नांगीजवळचे दोन मोठे तारकागुच्छ, पुष्य नक्षत्रातला गुच्छ, मृगातला तेजोमेघ, धनू राशीतली आकाशगंगेची दाट गर्दी हे सगळे कमी पटीत आणि रुंद दृष्टिक्षेत्रात खुलतात. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आखूड दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा साधा प्लॉसल आयपीस लावला, तर १६ पट आणि सुमारे तीन अंशांचे आकाश मिळते. तोच आयपीस १२५० मिलिमीटरच्या नळीला लावला की ५० पट होते, पण आकाश एका अंशावर येते. त्यात कृत्तिका पूर्ण मावत नाहीत. महाराष्ट्र आणि गोव्याला दक्षिणेकडचे आकाश उदारपणे लाभले आहे, हेही निवडताना लक्षात ठेवावे. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ लंडनहून कधीच उगवत नाही; पुण्याहून तो क्षितिजापासून सुमारे २४ अंशांपर्यंत चढतो आणि एप्रिल-मेच्या रात्री लहान दुर्बिणीतही धुरकट, मोठा गोळा म्हणून स्पष्ट दिसतो.

लहान दुर्बिणींचे मुख्य प्रकार तीन. भिंगाच्या दुर्बिणी सर्वांत सोशिक. पिशवीतून काढल्या की लगेच वापरता येतात, आणि घाटातल्या धक्क्यांनी त्यांच्या भिंगांची जुळणी सहसा बिघडत नाही. ७० किंवा ८० मिलिमीटर व्यास आणि ४०० मिलिमीटर नाभीय अंतर असलेली आखूड नळी साधारण एक-दीड किलोची असते. तिचा दोष असा की साध्या दुहेरी भिंगामुळे चंद्राच्या कडेला आणि शुक्राभोवती जांभळट झालर दिसते. पट वाढवली की ती अधिकच जाणवते. तारकागुच्छ पाहताना मात्र तिचा त्रास होत नाही.

आरशाच्या दुर्बिणीचे तत्त्व न्यूटनने १६६८ मध्ये प्रत्यक्षात आणले. तेवढ्याच पैशात ती जास्त व्यास देते. ११४ किंवा १३० मिलिमीटरची, टेबलावर ठेवायच्या फिरत्या बैठकीची दुर्बीण पाच-सहा किलोंपर्यंत जाते, पण अंधाऱ्या आकाशाखाली ती ७० मिलिमीटरच्या नळीहून कितीतरी जास्त दाखवते. ही बैठक सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉन डॉब्सन यांच्या साध्या लाकडी रचनेची धाकटी आवृत्ती आहे. तिला सपाट, पक्का आधार लागतो. कोकणातल्या सड्यावर किंवा गच्चीच्या कठड्यावर तो मिळतो, शेतात स्टूल न्यावे लागते. प्रवासाने आरसे थोडे हलतात, म्हणून ते पुन्हा जुळवण्याची पद्धत शिकून घ्यावी. दहा मिनिटांचे काम आहे. याच वर्गातला एक प्रकार मात्र टाळावा. नळी जेमतेम अर्धा मीटर लांब आणि नाभीय अंतर १००० मिलिमीटर लिहिलेले असेल, तर आयपीसच्या नळीत पक्के बसवलेले जोडभिंग ते अंतर वाढवत असते. स्वस्त दुर्बिणींत ही जोडणी क्वचितच नीट केलेली असते, आणि आरसे जुळवणेही त्यामुळे अवघड होते.

तिसरा प्रकार माक्सुतोव्हचा. रशियन शास्त्रज्ञ दिमित्री माक्सुतोव्ह यांनी १९४१ मध्ये ही रचना शोधली. आरसे आणि पुढचे जाड वक्र भिंग यांनी प्रकाश नळीत मागेपुढे फिरवला जातो, म्हणून ९० मिलिमीटर व्यासाची, १२५० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण फूटभर लांबीत बसते. चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांच्यासाठी हिच्याइतकी उत्तम लहान दुर्बीण दुसरी नाही. तिचे दृष्टिक्षेत्र मात्र अरुंद असते, जाड काचेला बाहेरच्या हवेशी जुळायला अर्धा तास लागतो, आणि पुढच्या भिंगावर दव सहज साचते.

या तिन्हींच्या आधी द्विनेत्रीचा विचार करायला हवा. ७×५० किंवा १०×५० यातला पहिला आकडा पटीचा, दुसरा भिंगाच्या व्यासाचा. दहा पटीला गुरूचे चंद्र दिसतात, चंद्रावरची मोठी विवरे दिसतात, आणि आकाशगंगेत फिरण्याचा आनंद तर दोन्ही डोळ्यांनीच घ्यावा. ज्याला अजून नक्षत्रे ओळखता येत नाहीत, त्याने पहिले वर्ष द्विनेत्रीवर घालवावे. पक्षी पाहणाऱ्यांच्या घरी स्पॉटिंग स्कोप असेल, तर तोही आकाशाला चालतो. पाण्यापासून सुरक्षित आणि मजबूत असल्यामुळे प्रवासात तो निर्धास्त नेता येतो. डोक्यावरचे आकाश पाहताना तेवढी मान वाकवावी लागते.

या सगळ्या संचात सर्वाधिक दुर्लक्ष होते ते आधाराकडे, आणि निराशा होते तीही त्याच्याचमुळे. ५० पट मोठे दाखवणारी दुर्बीण हाताचा किंवा वाऱ्याचा कंपही ५० पट करून दाखवते. स्वस्त संचाबरोबर येणारा पातळ ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड हलायचा थांबेपर्यंत ग्रह दृष्टीआड गेलेला असतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे चार मिनिटांत एक अंश सरकतात. एक अंशाच्या दृष्टिक्षेत्रात मध्यावर आणलेला शनी दोन मिनिटांत कडेला पोहोचतो. म्हणजे दुर्बीण सतत, हळुवार ढकलत राहावे लागते, आणि ढकलल्यावर ती तिथेच राहायला हवी. परीक्षा सोपी आहे. तारा मध्यावर आणून नळीला बोटाने हलकेच टिचकी मारावी. कंप एक-दोन सेकंदांत शमला तर आधार चांगला. चार-पाच सेकंद लागले तर तो ट्रायपॉड नाकारावा, नळी कितीही चांगली असली तरी. पैसे मोजकेच असतील तर लहान नळी आणि दणकट ट्रायपॉड घेणे हाच शहाणपणा.

छायाचित्रकारांचा चांगला ट्रायपॉड घरात असेल, तर तोच वापरावा. अनेक लहान नळ्यांना त्याचा पाव इंची स्क्रू बसतो. त्यावर गोळ्याचे डोके नको, कारण वजन एका बाजूला गेले की ते कलंडते. वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे स्वतंत्रपणे फिरणारे डोके हवे. पाय पूर्ण लांब करू नयेत, मधला दांडा वर काढू नये आणि खाली दगडांची पिशवी टांगावी. बसून पाहिले की पाय आणि दांडा आखूड ठेवणे आपोआप साधते.

ध्रुवाकडे अक्ष रोखून चालणारी विषुववृत्तीय बैठक प्रवासाला टाळलेलीच बरी. मुंबई-पुण्यात ध्रुवतारा जेमतेम १८-१९ अंशांवर असतो. एवढ्या कमी अंशावर अक्ष झुकवला की समतोलाचे वजन ट्रायपॉडच्या पायाला अडते, आणि ते वजन वाहून न्यावे लागते ते वेगळेच. मोटरने आपोआप तारे शोधणाऱ्या बैठकी सोयीच्या असतात, पण त्यांना बॅटरी आणि सुरुवातीची जुळवणी लागते. अलीकडे कॅमेराच दुर्बिणीत असलेल्या लहान स्मार्ट दुर्बिणी आल्या आहेत. शहराच्या उजेडातही त्या फोनच्या पडद्यावर तेजोमेघाचे रंगीत छायाचित्र आणून देतात. त्यांत आयपीस नसतो, म्हणून शनीचा प्रकाश प्रत्यक्ष स्वतःच्या डोळ्यात उतरण्याचा अनुभव त्या देऊ शकत नाहीत. पहिल्या दुर्बिणीने तो द्यायलाच हवा.

आयपीस सव्वा इंची असावेत. २४.५ मिलिमीटरच्या जुन्या मापाची नळी असेल, तर पुढे चांगले आयपीस मिळवणे कठीण जाते. २५ आणि १० मिलिमीटरचे दोन प्लॉसल आणि एक दुप्पट करणारे बार्लो भिंग एवढे पुरते. ४०० मिलिमीटरच्या नळीला त्यातून १६, ३२, ४० आणि ८० पट मिळतात. चष्मा फक्त जवळचे किंवा लांबचे दिसण्यासाठी असेल, तर तो काढून फोकस जुळवता येतो. दृष्टिवैषम्य असेल तर चष्म्यासकट पाहता येईल असे, डोळा थोडा लांब ठेवता येणारे आयपीस निवडावे. उंचावरचे पाहताना मान अवघडू नये म्हणून ९० अंशांचा तिरकस आरसा लागतो. त्यात प्रतिमा डावी-उजवी उलटते, नकाशाशी ताडताना एवढे ध्यानात ठेवावे. नेम धरण्यासाठी लाल ठिपक्याचा साधा फाइंडर पुरतो.

सूर्याबाबत तडजोड नको. आयपीसमध्ये आटे देऊन बसवायची छोटी काळी काच काही जुन्या संचांत मिळते. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकू शकते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. ती काच फोडून टाकावी. सूर्य पाहायचाच तर नळीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसणारी प्रमाणित सौरगाळणीच वापरावी, आणि फाइंडरवरही झाकण ठेवावे.

विकत घेण्यापूर्वी निरनिराळ्या दुर्बिणींतून पाहून घ्यावे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. मुंबईच्या खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाच्या रात्री वांगणीला होतात, आणि गोव्यातही हौशी खगोलप्रेमींची संघटना आहे. विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. अशा एखाद्या रात्री सत्तरची भिंगाची, नव्वदची माक्सुतोव्ह आणि एकशे तीसची आरशाची दुर्बीण शेजारी-शेजारी पाहायला मिळाली, तर खरेदीचा प्रश्न बराचसा सुटतो.

विमानाने जाताना नळी आणि आयपीस हातातल्या सामानात ठेवावेत, ट्रायपॉड कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत द्यावा. देशांतर्गत उड्डाणांत केबिन बॅगेची मर्यादा साधारण सात किलोंची असते, आणि आखूड नळी त्यात आरामात बसते. सह्याद्रीत हिवाळ्याच्या रात्री दव पडते, म्हणून भिंगापुढे नळीच्या व्यासाच्या दीडपट लांबीचे काळ्या पुठ्ठ्याचे वेटोळे लावावे. ओले झालेले भिंग पुसू नये. घरात आणून, टोपणे उघडी ठेवून आपोआप सुकू द्यावे आणि मगच बंद करावे. जून ते सप्टेंबर हा दुर्बिणीचा खरा शत्रूकाळ. दमट कपाटात भिंगांवर बुरशी धरते आणि काचेवरचा लेप खाते. पावसाळ्यात आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत, पुड्या महिन्याला गरम करून कोरड्या कराव्यात, आणि कोरडा दिवस मिळेल तेव्हा नळी तासभर वाऱ्यावर ठेवावी, उन्हात मात्र नाही.