रंगाआधी खुणा जपा

मल्लेश्वरमच्या माझ्या घरापासून कोलारच्या सोन्याच्या खाणी सुमारे १०० किलोमीटरवर आहेत. शिवनसमुद्रची वीज या खाणींना १९०२ मध्ये मिळाली, बंगळूरला १९०५ मध्ये. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या.

खाणकामगारांचा पिंजरा पोलादी दोराने खाली-वर नेणारे यंत्र म्हणजे वाइंडर. चालकाला पिंजरा दिसत नाही. खोली दाखवणारा काटा आणि घंटेचे इशारे यांवरच तो ब्रेक लावतो. चूक झाली, तर माणसे जातात.

असे यंत्र लोकांसाठी मांडताना आधी प्रत्येक भागाचा फोटो काढून त्याला क्रमांक द्यावा. सुटा गंज घासून मेणाचा थर द्यावा. तबकडीवरच्या खुणा आणि ब्रेकची झीज मात्र तशीच ठेवावी. बूट चकाकलेच पाहिजेत; पण यंत्राच्या झिजेत कामगारांची ड्यूटी दिसते.