निहालीचा अभ्यास आणि अभ्यासकाचे पद

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला उपजीविकेसाठी मिळणारे पद आणि तो अभ्यासत असलेली भाषा यांचा संबंध सरळ असतोच असे नाही. मराठीच्या अध्यापकाचे पद मराठीमुळे निर्माण होते, संस्कृतच्या अध्यापकाचे संस्कृतमुळे. जिला पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही आणि परीक्षार्थीही नाहीत अशा भाषेच्या नावाने पद निर्माण होत नाही. मग अशा भाषेचा अभ्यास कोण करतो, कोणत्या पदावरून करतो आणि त्या पदाच्या मर्यादा अभ्यासात कशा उतरतात, हे निहाली भाषेच्या संदर्भात तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

निहाली (जुन्या लेखनात ‘नहाली’) ही बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव-जामोद परिसरात व त्यालगतच्या मध्य प्रदेशातील भागात बोलली जाते. तिचे भाषक अंदाजे दोन-अडीच हजार असावेत. निहाल समाज याहून मोठा आहे. परंतु त्यातील पुष्कळांनी कोरकू किंवा अन्य शेजारभाषा स्वीकारल्या आहेत. १९७१च्या जनगणनेपासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची स्वतंत्र नोंद प्रसिद्ध केली जात नाही. त्यामुळे शासकीय कोष्टकांत निहालीचे नावही सहसा आढळत नाही.

मात्र भाषकसंख्या लहान असली, तरी या भाषेने उभा केलेला प्रश्न लहान नाही. निहालीच्या शब्दसंग्रहाचा मोठा भाग कोरकूशी, म्हणजे मुंडा कुलाशी जुळतो. काही भाग द्रविड आहे. मराठी-हिंदीतून आलेले शब्दही विपुल आहेत. संख्यावाचकांत हे थर एकाखाली एक दिसतात : दोन ते चार हे अंक द्रविड वळणाचे, तर पाचपासून पुढचे आर्यभाषांतून आलेले. हे सर्व वजा केल्यावरही सुमारे चौथा भाग असा उरतो, की ज्याचे नाते कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी निश्चितपणे लावता येत नाही. ‘अपो’ (अग्नी), ‘जोप्पो’ (पाणी) यांसारखे अगदी प्राथमिक शब्द त्यात येतात. म्हणूनच अनेक अभ्यासक निहालीला एकाकी भाषा मानतात.

या निष्कर्षापर्यंतचा प्रवास विलक्षण संथ आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) स्टेन कोनो यांनी निमाडातून मिळालेल्या सामग्रीवरून निहालीची दखल घेतली आणि ती मूळची कोरकूसारखी मुंडा बोली असून तिच्यावर नंतर द्रविड व आर्य संस्कार झाले, असे मत मांडले. पुढील अर्धशतकात यात मोलाची भर पडली नाही. १९५७ साली सुधीभूषण भट्टाचार्य यांची क्षेत्रीय टिपणे प्रसिद्ध झाली आणि त्यांच्या आधारे एफ. बी. जे. कुइपर यांनी १९६२ मध्ये निहालीचा तौलनिक अभ्यास सादर केला. आशा मुंडले यांचा शब्दसंग्रह १९९६ मध्ये आला. व्याकरण, संहिता व शब्दसंग्रह यांचा समावेश असलेला के. एस. नागराज यांचा ग्रंथ म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने २०१४ मध्ये प्रकाशित केला. पहिल्या नोंदीपासून विस्तृत व्याकरणग्रंथापर्यंत एकशे आठ वर्षे लोटली.

या विलंबाचे कारण अभ्यासकांची उदासीनता एवढेच नाही. यांतील कित्येकांच्या पदाची रचना पाहावी. कोनो हे भारतविद्येचे पंडित; निहाली त्यांच्यापुढे सर्वेक्षणाच्या विशाल कामातील एक नोंद म्हणून आली. भट्टाचार्य मानवशास्त्रीय सर्वेक्षणाच्या सेवेत होते. कुइपर लायडन विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक होते. संस्कृतातील आर्येतर शब्दांचा शोध घेताना ते मुंडा भाषांकडे आणि तेथून निहालीकडे वळले. तात्पर्य, निहालीला जो वेळ मिळाला तो बहुतांशी अन्य विषयांच्या पदांवरून मिळाला.

या उसन्या वेळेचा परिणाम एका विशिष्ट प्रश्नात स्पष्ट दिसतो. कुइपर यांनी निहाली ही काही अंशी गुप्तभाषा असण्याची शक्यता विचारात घेतली होती. ती खरी असेल, तर न जुळणारे शब्द प्राचीन अवशेष नसून परक्यांना कळू नये म्हणून मुद्दाम घडविलेले ठरू शकतात. मग ‘एकाकी भाषा’ या वर्गीकरणाचा पायाच डळमळतो. हा निर्णय शब्दसूचीवरून होत नाही. लहान मूल हे शब्द केव्हा व कोणाकडून शिकते, घरात आणि कोरकू शेजाऱ्यांसमोर बोलण्यात काय फरक पडतो, हे पाहावे लागते. त्यासाठी गावात दीर्घकाळ राहणे, भाषानिवेदकांचा विश्वास संपादन करणे आणि पुनःपुन्हा परत जाणे अपरिहार्य असते. दुसऱ्याच्या टिपणांवर विसंबलेल्या अभ्यासकाला, तो कितीही व्युत्पन्न असला तरी, ही सोय नसते.

आजची चौकट या कामास फारशी अनुकूल नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या विनियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे ठरविली आहेत. अपरिचित भाषेची ध्वनिव्यवस्था निश्चित करण्यातच त्यांतील मोठा काळ खर्च होतो. पदोन्नतीसाठी मोजले जाते ते प्रकाशन. शंभर तासांचे ध्वनिमुद्रण व त्याचे लिप्यंतर हे स्वतंत्र संशोधन म्हणून क्वचितच गणले जाते. पदवी मिळाल्यावर जाहिरात निघते ती मराठीच्या, हिंदीच्या अथवा इंग्रजीच्या पदाची. परिणामी विद्यार्थी एक तर विषय बदलतो किंवा पदवीनंतर तो विषय सोडून देतो.

परंतु निहालीच्या अभ्यासाचा इतिहास दुसरीही एक गोष्ट सांगतो. मोठ्या भाषेच्या पदावरून लहान भाषेचा अभ्यास होऊ शकतो. प्राकृताचे अभ्यासक म्हणून ख्यातकीर्त असलेल्या अ. मा. घाटगे यांनी १९६३पासून मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची पुस्तिकामाला सिद्ध केली व कुडाळी, वारली अशा बोलींचे वर्णन उपलब्ध करून दिले. या दृष्टीने विदर्भ-खानदेशातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांचे स्थान विचारात घेण्याजोगे आहे. निहालीचा प्रदेश लायडनपासून दूर होता, पुण्यापासूनही जवळ नाही; अकोला-बुलढाण्यापासून मात्र तो एका दिवसाच्या अंतरावर आहे. निहालीत शिरलेले मराठी शब्द कोणत्या काळातील व वऱ्हाडीच्या कोणत्या रूपातील आहेत, हा तर सरळसरळ मराठीच्या इतिहासाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्यास मराठीचा अभ्यासकच अधिक समर्थ ठरेल, मात्र त्यास क्षेत्रीय अभ्यासाचे प्रशिक्षण असावयास हवे.

भाषाविज्ञानाची अभ्यासपत्रिका केवळ संकल्पनांच्या व्याख्यांवर न थांबता पदव्युत्तर विद्यार्थ्याला एक ध्वनिमुद्रण, त्याचे लिप्यंतर आणि पाचशे शब्दांची काटेकोर सूची करावयास लावील, तर ही पूर्वतयारी होऊ शकेल. निहालीच्या नावाचे पद नजीकच्या काळात निर्माण होईल असे दिसत नाही. मराठीची पदे मात्र आहेत. त्या पदावरील अध्यापक आपल्या विषयाची सीमा कोठे आखतो, यावर निहालीतील त्या न उलगडलेल्या चौथ्या भागाचे भवितव्य बऱ्याच अंशी अवलंबून आहे. कारण तो भाग जाणणारे भाषक हयात असतानाच हा प्रश्न विचारता येईल.