नाताळची वेळ नीट लिहा बरं!

बालमित्रांनो, दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात, तोच कोल्हापुरात काही घरांवर चांदण्या झळकू लागतात. करंज्या-चकल्यांचा घाणा पुन्हा सुरू होतो. नाताळ जवळ आला ना! न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल चर्च तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिलं असेल. ज्यांच्या नावानं ते ओळखलं जातं, ते अमेरिकन मिशनरी वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. त्या काळी उपासनेची वेळ कळायची ती घंटेवरून, नाहीतर शेजाऱ्याच्या तोंडून. आता? आता आईच्या मोबाईलवर चर्चची वेबसाइट उघडली, की झालं!

वेबसाइटचं आणि नाताळचं नातं तसं जुनंच आहे बरं का. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञानं स्वित्झर्लंडमधल्या 'सर्न' या संस्थेत पहिला वेब सर्व्हर चालू केला, तो १९९० च्या नाताळच्या सुमारासच. आणि ३ डिसेंबर १९९२ रोजी मोबाईलवर जगातला पहिला एसएमएस गेला. त्यात काय लिहिलं होतं, ओळखा पाहू! दोनच शब्द : मेरी ख्रिसमस.

आता माझी एक चूक सांगते. मागं एका छोट्या चर्चच्या वेबसाइटचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. चांदण्या टाकल्या, गव्हाणीचं चित्र टाकलं, लाल-हिरवी अक्षरं केली. सगळे म्हणाले, "वा, बाई!" पण वेळ मात्र गेल्या वर्षीचीच राहिली, साडेनऊची. त्या वर्षी उपासना साडेआठला होती. गडहिंग्लजकडून एक आजी नातवाला घेऊन एसटीनं आल्या. पोहोचल्या तेव्हा शेवटचं गीत चाललं होतं. "यानंच मोबाईलवर बघून वेळ सांगितली हो," आजी म्हणाल्या. तो तुमच्याच वयाचा मुलगा मान खाली घालून उभा होता. चूक त्याची नव्हती, संगणकाचीही नव्हती. माझी होती! मी दोघांची माफी मागितली. पण हुकलेली उपासना काही परत आणता आली नाही.

तेव्हापासून मी सजावट शेवटी करते. आधी जुना मजकूर पुसते. मग तारीख, वार आणि वेळ तिन्ही लिहिते. नुसतं 'नाताळच्या दिवशी सकाळी' असं लिहून चालत नाही. काही चर्चमध्ये २४ डिसेंबरच्या रात्री मिस्सा असते, काही ठिकाणी २५ ला सकाळी उपासना. पहिल्यांदा येणाऱ्याला हे कसं कळणार? एसटी स्टँडवरून कसं यायचं, पायऱ्या किती आहेत, चाकाची खुर्ची आत जाते का, हेही लिहावं. आजी-आजोबांना त्याचीच गरज असते.

वार तपासायला एक युक्ती आहे. वर्षाचे दिवस ३६५, म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. म्हणून २५ डिसेंबरचा वार दरवर्षी एकानं पुढं सरकतो, लीप वर्षी मात्र दोनानं. २०२३ साली सोमवार होता, २०२४ साली बुधवार, २०२५ साली गुरुवार. पुढच्या वर्षांचे वार तुम्ही काढा!

मग फोटो. मोबाईलचा एखादा फोटो ४००० ठिपके रुंद आणि ३००० ठिपके उंच असतो. म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. तोच १००० बाय ७५० केला, तर ठिपके सोळा पटींनी कमी होतात. गावाकडं रेंज कमी असली, तरी पान चटकन उघडतं. आणि पालकांनो, नाटुकल्यातल्या मुलांचे फोटो टाकण्याआधी त्यांच्या घरच्यांची परवानगी घ्यायलाच हवी. फोटोखाली मुलाचं पूर्ण नाव, शाळा, पत्ता मुळीच नको.

मराठी मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा. जुन्या फॉन्टमध्ये केला, तर दुसऱ्याच्या मोबाईलवर 'उपासना'च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात!

सगळ्यात शेवटी, पान दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला द्यावं. आपली चूक आपल्याला दिसत नाही. पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबल मराठीत आणलं, तेव्हा केडगावच्या मुक्ती सदनातल्या स्त्रिया आणि मुलींनी खिळे जुळवून ते छापलं. रमाबाई १९२२ साली वारल्या, ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. एकेक खिळा हातानं लावायचा, म्हणजे किती चिकाटी! आपल्याला तर चुकलेली वेळ एका मिनिटात दुरुस्त करता येते. मग आळस कशाला?

हे फक्त चर्चपुरतंच नाही हं. शाळेचं स्नेहसंमेलन असो, गल्लीतला गणपती असो, नाहीतर उरूस. बोर्डावर वेळ लिहायचं काम तुमच्याकडं आलं, तर लिहून झाल्यावर एकदा मित्राला वाचायला सांगा. कुणीतरी लांबून एसटीनं निघालेलं असतं!