गोळी बंद करण्याआधी तोंड उघडा!

रक्तदाब, मधुमेह, फिट्स, क्षय किंवा मनाचा आजार यासाठी वर्षानुवर्षे औषध घेणारी माणसे आज आपल्या घराघरांत आहेत. त्यांतल्या अनेकांचे डॉक्टरांशी मनातून पटलेले नसते. कुणाला गोळीने दिवसभर सुस्ती येते, कुणाचे वजन वाढते, कुणाला महिन्याचा खर्च झेपत नाही. पण दवाखान्यात "औषध नीट घेता ना?" असे विचारले की उत्तर ठरलेले, "हो, डॉक्टरसाहेब." आणि घरी गोळ्यांचे पाकीट फळीवर तसेच पडलेले! आमच्या उमेळ्यात हे दिसते, तसेच मुंबईच्या चाळींतही.

वाचकहो, डॉक्टरांशी मतभेद असणे हा गुन्हा नव्हे. तो लपवणे मात्र जिवावर बेतू शकते. फिट्सची गोळी एकदम सोडली तर फिट्स एकामागून एक येऊ शकतात. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवले तर शरीर कोसळू शकते, कारण तो रस स्वतः तयार करण्याची त्याची सवय मोडलेली असते. मनाच्या आजाराची काही औषधे झटकन बंद केली तर झोप उडते, चक्कर येते, जीव घाबरतो. क्षयाचे औषध अर्धवट सोडल्यास जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. अशी औषधे थांबवायची असली तरी केव्हा व कशी, हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ठरले पाहिजे.

म्हणजे रुग्णाने निमूट सोसावे काय? मुळीच नाही! मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांचे उदाहरण पाहा. त्यांना दोनदा क्षय झाला. दुसऱ्या वेळी, २०१३ साली, कॅनामायसिन या इंजेक्शनाच्या दुष्परिणामाने त्यांचे ऐकू येणे गेले. त्या आजारातून उठल्या आणि गप्प बसल्या नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचीही श्रवणशक्ती अशीच गेली होती. बेडाक्विलिन या नव्या गोळीवरील कंपनीची मक्तेदारी वाढू नये म्हणून दोघींनी २०१९ साली भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. कॅनामायसिन वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ साली सांगितले होते. औषधाने काय होते हे रुग्णाने स्पष्ट बोलून दाखवले, तर त्याचा उपयोग पुढच्या हजारो रुग्णांना होतो.

कायदाही आपल्या बाजूने आहे. पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी संमती, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितले. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. रुग्णाने मागितल्यास त्याचे कागदपत्र ७२ तासांत द्यावेत, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ प्रमाणे, पुढे आपली निर्णयक्षमता गेल्यास कोणते उपचार हवेत व कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवता येते. तातडीच्या उपचारांना मात्र हे लिखाण लागू होत नाही.

कारकुनी करताना एक गोष्ट पक्की कळते, ती म्हणजे कागदावर नाही ते झालेच नाही! म्हणून एक साधी वही करा. कोणती गोळी, किती वाजता घेतली आणि नंतर काय त्रास झाला, हे रोज दोन ओळींत लिहा. लिहिता येत नसेल तर मुलाला, सुनेला सांगा. ती वही डॉक्टरांपुढे ठेवून पाच प्रश्न विचारा. ही गोळी कशासाठी? किती दिवस? न घेतल्यास काय होईल? मात्रा कमी करता येईल का? दुसरे, स्वस्त औषध आहे का? पैशांची अडचण असेल तर तसे सांगा. जनऔषधी केंद्रात बरीच औषधे कमी किमतीत मिळतात. दुष्परिणामाची तक्रार रुग्णाला स्वतःही १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर नोंदवता येते.

घरच्यांनीही एक करावे. "गोळी घेतलीस का?" एवढेच न विचारता "गोळीने कसे वाटते?" हेही विचारावे. आणि डॉक्टर रागावतील म्हणून भिऊ नये. रोगाची माहिती त्यांना अधिक, पण ती गोळी आपल्या शरीरात काय करते हे आपल्यालाच आधी कळते. ते त्यांना सांगितल्याशिवाय योग्य औषध ठरणार तरी कसे?